गांगुर्ड्यांचा कप्पा

आमच्या खात्याचं नाव मी सांगणार नाही. माझी पेन्शन अजून तिथूनच येते आणि ती वेळेवर यावी असं मला वाटतं. एवढं सांगते की कचेरी नाशिक रोडला होती, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी, आणि मी तिथं टायपिस्ट होते. तिथं जे जे शहाणपण जन्माला येई ते माझ्याच बोटांतून कागदावर उतरे. त्यामुळे सावळीराम गांगुर्ड्यांच्या कप्प्याची हकिकत माझ्याइतकी नीट कुणाला सांगता येईल असं वाटत नाही.

गांगुर्डे आमचे ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या नकला काढणारे. मूळचे घोटीकडच्या खेड्यातले. नोकरी लागल्यावर नाशिक रोडच्याच वसाहतीत दोन खोल्या घेऊन राहिले. अंगानं किरकोळ, शर्ट इस्त्रीचा, उजव्या हाताच्या बोटाला कायम काळ्या शाईचा डाग. रेघ ओढताना श्वास धरायचे आणि रेघ संपली की हळूच हसायचे. कुटुंब बौद्ध. हा शब्द आमच्या कचेरीत कुणी उच्चारत नसे, कारण आमची कचेरी पुढारलेली होती. आमच्याकडे असल्या गोष्टी कुणी बोलत नसे, नुसत्या पाळत असत.

हॉलमध्ये भिंतीला लाकडी पट्टी होती आणि पट्टीला खुंट्या. ज्याची त्याची डब्याची पिशवी ज्याच्या त्याच्या खुंटीला. गांगुर्डे नोकरीला लागले तेव्हा म्हणे एकही खुंटी रिकामी नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी बाहेर सायकल स्टँडच्या खांबाला एक खिळा ठोकून देण्यात आला. पुढे माणसं रिटायर झाली, बदलून गेली, खुंट्या रिकाम्या पडल्या, त्यांवर कुणी छत्री अडकवली, कुणी मफलर. खिळा मात्र जागचा हलला नाही. मार्चपासून खांबावर ऊन यायचं आणि दुपारपर्यंत भाजी आंबायची. कावळे पिशवीला चोच मारत ते वेगळंच. जेवायला सगळे हॉलमधल्या मोठ्या टेबलाशी बसत. गांगुर्डे आपल्या ड्रॉइंग बोर्डाशी बसत, तिथं त्यांना उजेड चांगला मिळतो असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मार्च लागला आणि किरकोळ फर्निचरच्या सदरात रक्कम शिल्लक असल्याचं उघडकीला आलं. सरकारी पैसा मार्चअखेर संपवला नाही तर परत जातो आणि एकदा परत गेलेला पैसा पुढच्या वर्षी ओळख दाखवत नाही. आमचे साहेब नुकतेच मुंबईच्या मोठ्या कचेरीत जाऊन आले होते. तिथं म्हणे प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लोखंडी लॉकर होता, किल्लीसकट. साहेबांनी खुंट्यांच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि हे दृश्य मागासलेलं आहे असं जाहीर केलं.

त्या दिवशी गांगुर्डे माझ्या टेबलाशी आले. असे ते क्वचित येत. म्हणाले, "बाई, कर्मचारी म्हटलं म्हणजे त्यात मीपण आलो ना?"

मी म्हटलं, आलातच की.

"आत एक कप्पा मिळाला म्हणजे झालं. बाकी काही नको."

हे बोलताना ते हसले, पण मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला हसू आलं नाही. शिकल्यासवरल्या माणसानं आपली भाजी सावलीत असावी एवढीच काय ती महत्त्वाकांक्षा धरावी, आणि तीसुद्धा दबक्या आवाजात.

लॉकर उपसमिती नेमण्यात आली. तिच्यात साहेब, स्टोअरकीपर आणि अव्वल कारकून बाळाजी गायधनी. गायधनी पंचवटीतले. घराण्याकडे यात्रेकरूंची पिढीजात पूजाअर्चा, भाऊ रामकुंडावर बसत, हे कचेरीत बसत. माणूस वाईट होता असं मला म्हणता येत नाही. कुणाच्या घरी आजारपण निघालं की सगळ्यांच्या आधी पोचायचे. गांगुर्ड्यांच्या थोरल्याला शाळेत प्रवेश मिळत नव्हता तेव्हा स्वतः हेडमास्तरांना जाऊन भेटले होते. फक्त डब्याचं म्हणाल तर डबा ही निराळी गोष्ट झाली.

कपाटं कुठं उभी करायची आणि कोणता कप्पा कुणाला, याचा नकाशा काढायचं काम अर्थातच गांगुर्ड्यांकडे आलं. पहिल्यांदा अकारविल्हे काढा म्हणून हुकूम झाला. त्यांनी काढला. गांगुर्डे आणि गायधनी शेजारी शेजारी आले. उपसमितीनं नकाशा बराच वेळ न्याहाळला आणि अकारविल्हे ही पद्धत शाळेतल्या हजेरीला ठीक आहे, कचेरीला शोभत नाही, असा निष्कर्ष काढला. मग सेवाज्येष्ठता. पण मधली माणसं बदलून गेल्यामुळे गायधनींच्या खालोखाल जुने गांगुर्डेच निघाले. गायधनींनी तेव्हा दिशांचा मुद्दा काढला. दक्षिणेकडे तोंड करून डबा काढणं बरं नाही म्हणाले. गांगुर्ड्यांनी कपाटं फिरवली, दिशा सुधारली, शेजार तोच राहिला.

शेवटी देवावर सोपवायचं ठरलं. गणपतीच्या तसबिरीपुढे चिठ्ठ्या टाकल्या. देवानं गांगुर्ड्यांचा कप्पा नेमका गायधनींच्या डोक्यावर काढला. वरच्या डब्यातली आमटी सांडली तर ती कुठं जाईल, हा प्रश्न कुणी तोंडानं विचारला नाही, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. चिठ्ठ्यांच्या घड्या नीट पडल्या नव्हत्या असं ठरलं आणि देवाचा निकाल रद्द झाला. नवा कागद टाचून गांगुर्डे पुन्हा बोर्डाशी बसले. आपलंच नाव कुठं ठेवावं म्हणजे कुणाला लागणार नाही, हे ते पट्टी लावून शोधत होते. मला तेव्हा टाइपरायटर उचलून उपसमितीच्या अंगावर टाकावासा वाटला. तो सरकारी होता.

अखेर साहेबांना तोड सुचली. कपाटं तीन, प्रत्येकात सहा कप्पे. पहिल्या दोन कपाटांत सगळी कचेरी. गायधनींचा कप्पा खिडकीजवळच्या पहिल्या कपाटात, वर डावीकडे. तिसरं कपाट दारापाशी. त्यात वर डावीकडे गांगुर्डे आणि उरलेल्या पाच कप्प्यांत प्रथमोपचाराची पेटी, फिनेल आणि निकामी फायली. एका माणसाला दूर बसवायला सरकारनं एक अख्खं कपाट खर्ची घातलं. ठरावात मी टाइप केलं की गांगुर्डे यांस त्यांच्या कामाच्या स्वरूपामुळे प्रशस्त जागेची आवश्यकता आहे.

गांगुर्ड्यांना मी विचारलं, हे असं फिनेलशेजारी चालेल का तुम्हाला? ते म्हणाले, "आत तर आलो ना, बाई."

मग खरेदी. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आली. त्यात सगळ्यांत कमी भाव गोटीरामचा. नाशिकच्याच द्वारका नाक्याला त्याचं शेड होतं, दुकानांची शटरं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा. गडी सरळ होता. त्यानं आधीच सांगून टाकलं की माझ्याकडे कुलपांचा एक लॉट स्वस्तात आलेला आहे, पण सगळ्यांना किल्ली एकच लागते. निरनिराळ्या किल्ल्यांची कुलपं पाहिजेत तर भाव वाढेल.

कुठल्याही कचेरीत इथं व्यवहार थांबला असता. आमच्या उपसमितीला मात्र आनंद झाला. स्टोअरकीपर म्हणाले, वा, म्हणजे एकाची किल्ली घरी राहिली तर दुसऱ्याची चालेल. साहेब म्हणाले, आपण काय एकमेकांना परके आहोत? कचेरी म्हणजे एक कुटुंबच. कोण कुणाशेजारी बसणार यावर पंधरा दिवस डोकं खाजवणाऱ्या त्रिकुटानं कुलपाचा विषय चहा थंड व्हायच्या आत संपवला. मीही टाइप केलं, कुटुंबभावना लक्षात घेऊन.

कपाटं आली. गायधनींनी नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. आकडे रंगवायचे होते, पण तेवढ्यात मार्च संपला आणि रक्कमही संपली, म्हणून राखी रंगाची ती तीन कपाटं जुळ्या-तिळ्यांसारखी बिनआकड्याची उभी राहिली. गांगुर्ड्यांनी त्या दिवशी किल्ली घरी नेली. बायकोनं, चांगुणाबाईंनी, ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, निळ्या दोऱ्यात ओवली, आणि दुसऱ्या दिवशी भांडी बाजारात जाऊन नवा स्टीलचा डबा आणला. झाकणावर दुकानदाराकडून ठिपक्याठिपक्यांचं नाव घालून घेतलं, 'सौ. चांगुणा सा. गांगुर्डे'. कपाटातल्या डब्याला नाव पायजे म्हणाल्या. हे गांगुर्ड्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना रेघ संपल्यासारखे हसले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. डबा सावलीत, भाजी ताजी. सगळं सुरळीत चाललं, आणि दिवाळीच्या तोंडावर चुना मारणारे आले.

त्यांनी सकाळी अकराच्या सुमाराला तिन्ही कपाटं डब्यांसकट हॉलच्या मध्ये ओढली, भिंत पांढरी केली आणि जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा भिंतीला लावून दिली. फक्त दाराजवळचं खिडकीजवळ गेलं आणि खिडकीजवळचं दाराजवळ. त्यांचा काय दोष? त्यांना कुणी आमचा ठराव वाचून दाखवला नव्हता.

गायधनी सवयीनं सगळ्यांच्या आधी खिडकीजवळच्या कपाटाशी गेले, वर डावीकडे किल्ली लावली. किल्ली फिरली, कारण ती कुठंही फिरत होती. आत स्टीलचा डबा होता. त्यांचाही डबा भांडी बाजारातलाच, तसाच. जेवताना ते चष्मा काढून ठेवत. टेबलाशी बसले, झाकण उघडलं, चित्राहुती घातल्या आणि जेवू लागले.

चातुर्मास अजून संपला नव्हता. गायधनींच्या घरी कांदा-लसूण बंद. या गवारीच्या भाजीत लसूण तर होताच, वर शेंगदाण्याचं कूट आणि झणझणीत तिखट. पहिल्या घासाला ते थबकले, ते मी पाहिलं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पुढचा घास जरा घाईनं घेतला. बायकोच्या हातून चूक झाली असेल आणि अशा चुकीची चौकशी करायची नसते, असा काहीसा विचार त्यांनी केला असावा. डबा पुसून पुसून संपवला. म्हणाले, "आज घरच्यांनी गवार फक्कड केली आहे."

त्याआधीच गांगुर्डे दाराजवळचा कप्पा उघडून, आतल्या डब्यावरचं नाव वाचून, सगळं समजून मोठ्या टेबलाकडे आले होते. तेव्हा गायधनी अर्ध्या जेवणावर होते. गांगुर्डे त्यांचा डबा हातात धरून थांबले. भरल्या पानावरून माणसाला उठवायचं नाही, एवढा विचार त्या उपाशी माणसानं केला. गायधनींनी झाकण लावलं, चष्मा चढवला, आणि झाकणावरचे ठिपके त्यांनी वाचले. गांगुर्ड्यांनी त्यांचा न उघडलेला डबा पुढे ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा."

गायधनी उठून नळावर गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला. गांगुर्डे त्या दिवशी चहावर राहिले. गायधनी मात्र तेव्हापासून चष्मा लावूनच जेवू लागले.

उपसमिती तातडीनं बसली. झाला प्रकार काय याचा ठरावात उल्लेख नाही. ठराव असा, की श्री. गांगुर्डे यांच्याकडे खात्याचे महत्त्वाचे नकाशे असतात, सबब सुरक्षिततेच्या दृष्टीनं त्यांच्या कप्प्यास स्वतंत्र व भारी कुलूप बसवण्यात यावं. नकाशे कायम बोर्डावर पडलेले असत ही गोष्ट निराळी. यापुढे कुणाचीही किल्ली त्या कप्प्याला लागू नये, म्हणजे कुणाच्याही पोटात चुकून काही जाऊ नये, असा तो बंदोबस्त होता. गोटीराम येऊन कुलूप बसवून गेला. पितळी, जाडजूड. सगळ्या कचेरीत खरं कुलूप असलेला आता एकच कप्पा होता.

आणि मग कुटुंबातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी एक फाउंटन पेन, मग स्टोअरकीपरची बॅटरी, मग कुणाच्या तरी रेशनच्या साखरेतली निम्मी साखर. कुणी कुणावर संशय घेईना, कारण घ्यायचा तर सगळ्यांवर घ्यावा लागला असता. चोरायला माझ्या कप्प्यात लोकरीचे गुंडे होते, तेवढ्यापुरती मी निर्धास्त होते.

गांगुर्ड्यांकडे पहिले आले स्टोअरकीपर. दुरुस्त करून आणलेलं घड्याळ होतं, संध्याकाळपर्यंत ठेवा म्हणाले. ठेवलं. साहेबांनी मुलीच्या लग्नाचा शालू आणला होता, तो दोन दिवस राहू द्या म्हणाले आणि तो महिना राहिला. मग कुणाचा ट्रान्झिस्टर, कुणाच्या बायकोच्या पाटल्या. शेवटी गायधनी आले. एका यजमानानं दिलेली चांदीची पळी-पंचपात्री आणि तबक होतं, बहिणीकडे देवळालीला पोचवायचं होतं. म्हणाले, "गांगुर्डे, तुमच्याकडे म्हणजे काळजी नाही." गवारीला जे लागत होतं ते चांदीला लागत नाही, असं शास्त्र असावं. मी काही शास्त्र वाचलेलं नाही.

एप्रिलमधली गोष्ट. मी सकाळी सायकल स्टँडवरून आत येत होते आणि खांबाच्या खिळ्याला पिशवी दिसली. जुन्या पडद्याच्या कापडाची, गांगुर्ड्यांची. वर एक कावळा बसला होता. मी तडक बोर्डाशी गेले आणि विचारलं हे काय. मान वर न करता ते म्हणाले, "आत जागा नाही राहिली, बाई. लोक विश्वासानं देतात. नाही कसं म्हणू?"

मला उपसमितीचा जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या क्षणी त्यांचा आला. मी वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेनात शाई भरली. पुढे मी रोज खिळ्याकडे बघत आत येई आणि रोज पिशवी तिथंच असे.

मे महिन्यात चांगुणाबाई रेशनकार्डाच्या कामासाठी बाहेर पडल्या होत्या. कचेरीवरून जाताना त्यांनी खांबाला आपल्या हातची पिशवी ओळखली. जेवणाची सुट्टी झालेली. आम्ही टेबलाशी बसलो होतो आणि त्या पिशवी हातात घेऊन थेट हॉलमध्ये आल्या. ठेंगण्याशा, घामाघूम, पदर डोक्यावर. कुणाला काही न विचारता नवऱ्याच्या बोर्डापाशी गेल्या.

"कपाट कंचं?" त्यांनी विचारलं.

गांगुर्ड्यांनी दाखवलं.

"उघडा."

त्यांनी उघडलं. शालू, पाटल्यांची डबी, घड्याळ, ट्रान्झिस्टर, चांदी. दार उघडताच ट्रान्झिस्टर घसरला, तो त्यांनी हातानं धरला. चांगुणाबाईंनी सगळ्यावरून नजर फिरवली.

"ह्यात तुमचं काय हाय?"

गांगुर्ड्यांचा हात खिशाकडे गेला. निळ्या दोऱ्याची ती पहिली किल्ली अजून त्यांच्या खिशात असायची, आता त्यांच्या कप्प्याला लागत नव्हती तरी. मला वाटलं हा माणूस आता पुन्हा हसेल आणि सगळं सावरून नेईल. ते हसले नाहीत. त्यांनी एकेक वस्तू काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली, शालू साहेबांच्या पोळीशेजारी, घड्याळ स्टोअरकीपरच्या ताकाशेजारी, चांदी गायधनींपुढे. म्हणाले, "आपापलं घ्या. मला डबा ठेवायचा आहे."

मग बायकोच्या हातातली पिशवी घेतली, डबा काढला, कप्प्यात ठेवला, दार लावलं, किल्ली फिरवली. क्षणभर थांबले. पुन्हा किल्ली फिरवली, डबा बाहेर काढला आणि मोठ्या टेबलाशी येऊन गायधनींच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. चांगुणाबाई मागे उभ्या होत्या, त्यांना मी माझी खुर्ची दिली.

गायधनी उठू लागले. पण चांदी टेबलावर सोडून जाण्याची त्यांची छाती होईना, आणि घेऊन जावी तर ठेवायची कुठं? त्यांच्या किल्लीनं उघडणाऱ्या कप्प्यात ठेवणं म्हणजे कुटुंबाच्या स्वाधीन करणं. ते चांदी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, तसेच बसून राहिले. त्यांचा स्वतःचा डबा पुढ्यात उघडा होता आणि जेवायला हात मोकळा नव्हता.

चांगुणाबाईंनी नवऱ्याला वाढलं. मग समोर बघितलं. त्यांच्या आवाजात टोमणा होता असं नंतर काही लोक म्हणाले. मी शेजारी उभी होते, मला तो ऐकू आला नाही.

"भाजी घ्या," त्या म्हणाल्या. "मागं लय आवडली व्हती म्हनं. आज बी गवारच हाय."

गायधनी नाही म्हणाले नाहीत. चांगुणाबाईंनी झाकणाच्या एका कडेला थोडी भाजी घातली आणि झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. उरलेल्या जागेत ठिपक्यांचं नाव स्वच्छ दिसत होतं, आणि या खेपेला चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.